मुखपृष्ठावरचा हात

कडकबाईंना किळस म्हणून काही ठाऊकच नव्हतं. इस्पितळाच्या धोबीघरात ज्या चादरी येतात त्यांच्यावर काय काय असतं, हे जेवायला बसलेल्या माणसाला सांगू नये. पण कडकबाई सांगत, आणि तेही स्वतःचा घास तोंडात असताना. नव्याने कामाला लागलेल्या पोरी नाकाला रुमाल बांधून गाठोड्यापासून हातभर लांब उभ्या राहायच्या. त्यांना त्या म्हणायच्या, "अगं, माणसातूनच आलंय ना सगळं? मग माणसाला काय भ्यायचं!" आणि स्वतः पुढे होऊन गाठोडं सोडायच्या. रक्ताचं वेगळं काढायचं, ते आधी गार पाण्यात. गरम पाण्यात टाकलंत तर डाग जन्माचा बसला. मग सोडा, मग उकळी, मग वाफेचे रोलर. नाव कडकबाई पडलं तेही धोबीघरातच. एक तर खळ घालावी त्यांनीच. त्यांच्या हातची चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील असा सगळ्यांचा दावा होता. दुसरं कारण त्यांची जीभ, आणि तिला खळ घालावी लागत नव्हती.

अशा बाईला आयुष्यात एकदाच खरी किळस आली. ती आली ती एका स्वच्छ, सुगंधी, परीटघडीच्या कपड्यातल्या माणसाची, आणि तो माणूस म्हणजे त्यांचा सख्खा दीर.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कडकबाई आणि त्यांचा नवरा, आतल्या खोलीत सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर चढवायचा आणि स्वतः मात्र कायम खालीच राहिला, असं त्या त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तो हसायचा. स्वभावाने इतका गरीब, की अडकलेल्या लिफ्टचीसुद्धा माफी मागेल. सासूबाईंनी तरुणपणी कोळशाच्या वखारीत पोती भरून दोन मुलगे वाढवले होते. थोरला हा असा. धाकटा लहानपणापासून गोड बोलणारा, म्हणून त्याला शिकवलं. गोड बोलणाऱ्याला जग शिकवतंच.

मग एका सकाळी सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली, दोन-चार शब्द तेवढे राहिले. तेव्हापासून कडकबाई धोबीघरातून आल्या की दुसरी पाळी सुरू. अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, भरवायचं, आणि रोज न चुकता हातापायांना कोमट तेल चोळायचं. इतकी वर्षं पाठीवर पडून असलेल्या बाईच्या पाठीवर एक व्रण नव्हता. इस्पितळातली परिचारिका एकदा बघायला आली होती, तिने दोनदा पालथं घालून पाहिलं. सासूबाईंचे हात तर असे झाले होते, की त्यांनी कधी कोळसा उचलला यावर कुणी विश्वास ठेवला नसता. गोरे, मऊ, तान्ह्या बाळासारखे. कडकबाईंचे स्वतःचे हात मात्र सोड्याने खाल्ले होते. भेगा, पांढरी पडलेली नखं, सांध्यांवर गाठी. त्याचं त्यांना काही नव्हतं. हात बघत बसायला वेळ कुणाला होता!

धाकटा त्या आजारपणात एकदा येऊन गेला. उंबऱ्यात उभा राहिला, नाकाला रुमाल लावला, डोळे पुसले आणि "मला हे बघवत नाही, वहिनी" म्हणून निघून गेला. ज्याला बघवत नाही त्याला करावं लागत नाही, ही जगाची जुनी रीत आहे. त्यानंतर फोन यायचे, ते थोरल्याला. सासूबाईंच्या चार शब्दांतला एक शब्द होता, "आला?" जिन्यात पाऊल वाजलं, की "आला?" कडकबाई म्हणायच्या, "दूधवाला, आई." पुन्हा पाऊल वाजलं की पुन्हा तेच.

आणि याच काळात धाकटा मोठा झाला, तोही कशावर म्हणाल, तर आईवर. त्याने एक भाषण केलं, 'आईपाशी बसा' या नावाचं. आपली आई अंथरुणाला कशी खिळली, आपण तिच्या उशाशी बसून कसं रडलो, तेव्हा आयुष्याचा अर्थ कसा कळला, हे त्याने असं सांगितलं की सभागृहातली माणसं ढसाढसा रडली. रडणारी माणसं फोनवर दिसली, ती बघून आणखी माणसं रडली. मग काय, लाटच आली. लोक आपापल्या आईपाशी बसून फोटो काढू लागले. बसायच्या खुर्च्या निघाल्या, त्यांच्यावर याचं नाव. शाळांमधून याची भाषणं. दुसऱ्याच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री याने आपल्या नावावर लावल्या, आयत्या बिळावरच्या नागोबासारखं. धोबीघरातल्या एका पोरीने ते भाषण कडकबाईंना ऐकवलं, कौतुकाने. कडकबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "छान बोलतो. कपडे वाळत घाल." तो त्यांचा दीर आहे हे त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगायचीच लाज वाटली.

वर्ष संपत आलं. एक मोठं मासिक दर वर्षी त्या सुमाराला एक माणूस निवडायचं, वर्षाचा सर्वांत प्रभावी माणूस. त्याचा फोटो मुखपृष्ठावर. मग महिनाभर चहाच्या टपऱ्यांवर वाद, की याला का निवडलं, त्याला का नाही. इस्पितळाच्या बाहेरच्या बाकांवर ते जुने अंक पडलेले असत. कडकबाईंनी पूर्वी त्यात नाना तऱ्हेची तोंडं पाहिली होती, त्यांतली अर्धी पुढे तुरुंगात गेलेली. "प्रभाव काय, भूकंपाचाही पडतो," असं त्यांचं त्यावरचं मत.

या वर्षी निवड झाली धाकट्याची.

थोरला बातमी घेऊन आला तो मिठाईचा पुडा घेऊनच. आनंदाने त्याला धड बोलता येईना. "अगं, आपला धाकटा! सगळ्या जगात!" शेजारचे आले, वरचे आले. ज्यांनी सासूबाईंच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं ते उंबऱ्यातून हात जोडून म्हणाले, "धन्य ती माउली." कडकबाई मोरीत भांडी आपटत होत्या.

दोन दिवसांनी धाकट्याचा फोन आला, या वेळी वहिनींना. मासिकाची माणसं घरी येणार आहेत. मुखपृष्ठ घरीच काढायचं ठरलंय, आईजवळ. आपण आईच्या पायाशी बसलेलो आणि आईचा हात आपल्या डोक्यावर. "तुम्ही फक्त आईला तयार ठेवा, वहिनी."

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी कडकबाईंचा राग निम्मा उतरला. का येईना, कशासाठी का येईना, येतोय तर खरा. म्हातारीच्या जिवाला तेवढंच हवं होतं. ती कधीपासून दारातल्या पावलांवर जगत होती. त्यांनी रजा टाकली. सासूबाईंना न्हाऊ घातलं, केस विंचरले, स्वतःच्या हाताने खळ घालून ठेवलेला पांढरा झगा घातला, उशांना टेकवून बसवलं. "आज येणार, आई. नक्की येणार. तुमच्या पायाशी बसणार." सासूबाईंच्या तोंडाची चांगली बाजू हसली. डावा हात उचलून त्यांनी स्वतःचे केस चापूनचोपून पाहिले. हे बघून कडकबाईंनी विनाकारण पुन्हा एकदा फणी फिरवली, आणि त्यांना त्याचाही राग आला.

मंडळी आली. एक छायाचित्रकार, दिव्यांच्या पेट्या वाहणारे दोघे, आणि मासिकाच्या एक बाई, ज्यांचं लक्ष एकाच वेळी चार ठिकाणी होतं. धाकटा मागून आला. साधे पांढरे कपडे, पण साधेपणासुद्धा शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेला. त्याने भावाला मिठी मारली, वहिनींना वाकून नमस्कार केला, आणि आतल्या दाराकडे पाहून डोळे मिटले. "आधी काम होऊ द्या," तो म्हणाला. "आईसमोर गेलो की मला राहवणार नाही."

मासिकाच्या बाईंना खोली पसंत पडेना. "भिंती फार स्वच्छ आहेत हो. गरिबी दिसत नाही." कडकबाईंनीच चुना मारला होता. मग पेटीतून पोपडे उडालेल्या भिंतीचं चित्र असलेला एक पडदा निघाला आणि त्यांच्या भिंतीवर लागला. कपाट जिन्यात गेलं. मग बाई आणि छायाचित्रकार आत जाऊन सासूबाईंना पाहून आले. "आला?" असं आतून ऐकू आलं. धाकटा फोनवर बोलत होता.

बाई बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "चेहरा एका बाजूला ओढलेला आहे. चेहरा नको घेऊ या, फक्त हात घेऊ."

"हातही नाही चालणार," छायाचित्रकार म्हणाला. "बघितलात ना? किती मऊ आहे. हा कष्टाचा हात वाटतच नाही. सुखात लोळलेल्या बाईचा वाटतो."

कडकबाई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. छायाचित्रकाराने कप उचलला आणि तो कपाकडे न बघता त्यांच्या बोटांकडेच बघत राहिला. "हा बघा!" तो ओरडला. "याला म्हणतात आईचा हात!"

सगळे त्या हाताकडे बघायला लागले. जन्मात त्या हाताकडे एवढ्या माणसांनी एकदम पाहिलं नव्हतं. कडकबाईंनी ट्रे खाली ठेवला.

"आईंचा हात हवा ना?" त्या म्हणाल्या. "त्या आत आहेत. जिवंत आहेत. सकाळपासून बसल्यात."

"वहिनी," धाकटा पुढे झाला. आवाज सभेतला. "तुम्ही काय आणि आई काय. तुम्ही मला आईच्याच जागी."

"असं? मग आईच्या जागी आहे तिचं ऐका. आधी आत जा, त्यांच्यापाशी बसा. मग हा हात काय, पायसुद्धा ठेवते तुमच्या डोक्यावर."

दिवे वाहणाऱ्यांतला एक फिसकन हसला. थोरला कळवळून म्हणाला, "अगं, असं काय बोलतेस, पाहुणे आहेत." छायाचित्रकार खिडकीकडे बोट दाखवून सांगत होता, की उजेड चालला.

"फोटो झाला की लगेच जातो," धाकटा म्हणाला. "मग अर्धा दिवस बसतो. आईची शपथ."

"शपथेला बरी आठवते आई," कडकबाई म्हणाल्या. पण नाही म्हणावं, तर तो तेवढंच निमित्त करून जाईल, आणि आत म्हातारी न्हाऊन-माखून बसलेली. त्या खुर्चीत बसल्या. मासिकाच्या बाईंनी त्यांच्या मनगटापर्यंत एक जुनी शाल ओढली, म्हणजे नुसता हात दिसेल. धाकटा पायाशी बसला, मान झुकवली. त्यांनी हात ठेवला.

केसांना काहीतरी चोपडलेलं होतं. चिकट, गार, वासाचं. कडकबाईंनी आयुष्यभर पू, रक्त, मैला उपसला होता, पण त्या चिकट केसांवर हात टेकला तेव्हा तो त्यांना लगेच मागे ओढावासा वाटला. "थोडं मायेने," छायाचित्रकार म्हणाला. "बोटं जरा पसरा. हां. आता तुम्ही, साहेब, जरा आठवा आईला." आणि धाकट्याच्या डोळ्यातून खरोखरचं पाणी आलं! सांगितल्याबरोबर, नळ सोडावा तसं. हुंदक्याने त्याचं डोकं हाताखाली हललं. दाराच्या पलीकडून "आला? आला?" चाललं होतं. धाकटा रडत होता आणि ऐकत नव्हता. एकदा नाही, खूप वेळा रडला. दर वेळी दिवा सरकवला की नव्याने. हळूहळू आतला आवाज थांबला.

काम झालं. धाकट्याने तोंड पुसलं, फोन बघितला, दोन माणसांशी बोलला आणि जोडे घातले.

"भाऊजी," कडकबाई म्हणाल्या.

"वहिनी, आवाज नाही येत आतून. झोपली असेल. आता उठवायला नको तिला, मी निवांत येतो एकदा." आणि जिन्यातून खालीसुद्धा गेला. थोरला त्याला गाडीपर्यंत पोचवायला धावला.

कडकबाईंनी दार उघडून पाहिलं. सासूबाई खरंच झोपल्या होत्या. उशांना टेकून, विंचरलेल्या केसांनी, मान एका बाजूला कललेली. झग्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. कडकबाई मोरीत गेल्या आणि हात धुतला. आधी गार पाण्याने, मग गरम पाण्याने, मग धोबीघरातला सोडा काढून. वास जाईना. चादरीवरचा कसलाही डाग काढणाऱ्या बाईला आपल्या तळव्यावरचा वास निघेना, तेव्हा त्या मोरीतच ओकल्या. थोरला वर आला तर त्याला वाटलं, काही बाधलं असेल.

दिवे लागल्यावर सासूबाई जाग्या झाल्या. पहिला शब्द तोच. आणि कधी खोटं न बोलणाऱ्या कडकबाई म्हणाल्या, "आले होते, आई. तुमचा डोळा लागला होता. मग त्यांनी तुमचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि बसून राहिले." दारात उभा थोरला डोळे पुसत म्हणाला, "खूप वेळ बसला होता, आई. रडत होता." त्यात रडण्यापुरतं तरी खोटं नव्हतं. सासूबाईंनी डाव्या हाताने आपला निर्जीव उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या, जणू तो त्यांच्या नकळत कुठे तरी जाऊन आला होता.

अंक निघाला. कडकबाईंनी बजावलं होतं की घरात आणायचा नाही. थोरल्याने दोन आणले. मुखपृष्ठावर मिटलेल्या डोळ्यांचा धाकटा, गालावर एक थेंब, डोक्यावर भेगाळलेला हात, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'ज्या हाताने घडवलं'. धोबीघरात ते मासिक कुणी वाचत नाही, तेवढं तरी बरं. पण इमारतीतली माणसं अंक घेऊन येऊ लागली. "आजी, हा तुमचा हात! काय हात आहे हो, सगळे कष्ट दिसतात." आजींचे मऊ हात समोर पांघरुणावर पडलेले असत आणि कुणाला ते दिसत नसत. माणसाला छापलेलंच खरं वाटतं. थोरल्याने एक अंक आईच्या उशाशीच ठेवून दिला.

काही दिवस सासूबाई खूश होत्या. चित्रावर बोट ठेवायच्या आणि मान डोलवायच्या. जिन्यात पाऊल वाजलं तरी विचारत नसत; येऊन गेलेल्याचं कुणी विचारतं का? कडकबाईंना ते बघवत नसे. घास भरवताना त्या नजर दुसरीकडे ठेवत. असल्या खोट्याचा आधार आपण या म्हातारीला दिला, आणि तो टिकतोय, याचंच त्यांना भय वाटत होतं. आपण मेलो तरी हे खोटं राहील, छापून राहिलंय.

एका संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे तेल लावायला बसल्या. अंक पांघरुणावर पालथा पडला होता, सासूबाईंनी तो सुलटा केला. कडकबाई त्यांचा उजवा हात चोळत होत्या, बोट न् बोट सोडवत. सासूबाईंची नजर चित्रावर होती, मग ती खाली आली, तेलात चमकणाऱ्या सुनेच्या हातावर. तिथून हलली नाही. कडकबाईंना कळलं आणि त्यांनी हात मागे घ्यायला पाहिलं. त्याआधीच सासूबाईंनी डाव्या हाताने तो मनगटात पकडला. कोळशाची पोती उचलणारी ती पकड अजून कुठे तरी शिल्लक होती. तो हात त्यांनी ओढून चित्रावर ठेवला, चित्रातल्या हाताशेजारी. सगळं जग फसलं होतं, पण ही बाई फसणार कशी? रोज याच हाताने तोंड धुतलं जायचं, याच हाताने घास यायचा, याच हाताने कूस बदलली जायची. तिला स्वतःच्या हातापेक्षा हा हात जास्त ओळखीचा होता.

"आई," कडकबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. चुकलंच माझं."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या लेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, त्या मिटलेल्या डोळ्यांकडे, त्या थेंबाकडे. बराच वेळ बघितलं. त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हलायला लागली. कडकबाईंना वाटलं, आता रडतील. पण त्या गालात काहीतरी गोळा करत होत्या. अर्धं तोंड मेलेल्या माणसाला ते सोपं नसतं. दोनदा ते ओठांतच राहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान पुढे काढली, सगळा जीव एकवटला आणि त्या थुंकल्या. बरोबर त्याच्या तोंडावर.

थोरला दारातच होता. "आई!" म्हणून तो फडकं घेऊन धावला आणि अंक उचलायला वाकला. कडकबाईंनी ते फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. सासूबाईंची हनुवटी पुसली, मानेवर आलेला ओघळ पुसला, फडकं धुवायला बादलीत टाकलं. मग पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि राहिलेला डावा हात चोळायला घेतला. अंकाला कुणी हात लावला नाही.